कोल्हापुरातून घाट उतरायचा तर: सायकलीचे गिअर, सामान आणि हलकं कुलूप

कोल्हापुरातून कोकणात सायकल न्यायची म्हणजे जाताना उतार आणि येताना चढ. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, आंबोली, कुठलाही घाट धरा. पहिल्या दिवशी ताज्या पायांनी नुसते ब्रेक दाबत खाली जायचं आणि तीन-चार दिवस दमट उन्हात शिजून झाल्यावर तोच घाट सामानासकट चढायचा. त्यामुळे सायकल घरून निघताना ठीक वाटते, मालवणपर्यंत ठीक वाटते, आणि वैभववाडी सोडून करूळच्या पायथ्याला लागलं की तिचा दोष उघडा पडतो. बहुतेक वेळा तो दोष गिअरचा असतो. सायकल दोन किलोने जड आहे म्हणून कोणी घाटात उतरून ढकलत नाही.

खरेदीच्या वेळी मात्र सगळं लक्ष वजनाकडे. शंभर ग्रॅमने हलकं सीट, हलक्या मुठी, आणि कुलपाची वेळ आली की "एवढं लोखंड कशाला वाहायचं" म्हणून शे-दीडशे रुपयांची वायर. पैसा कुठे घालायचा आणि वजन कुठे वाचवायचं याचा हिशोब दुकानात जायच्या आधी कागदावर करावा. तो अवघड नाही.

सगळ्यात हलका गिअर मोजा

पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल किती पुढे सरकते, एवढाच आकडा काढायचा. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. ७०० × ३२ टायरचा परीघ साधारण २.१५ मीटर, २६ इंची चाकाला २ इंची टायर असेल तर २.०५ मीटर. दाते बहुतेक चक्रांवर कोरलेले असतात. नसतील तर एका दात्यावर खडूची खूण करून मोजा.

रोड बाइकला पुढे ५०/३४ (मोठ्या आणि लहान चक्राचे दाते) आणि मागे ११-२८ (सर्वांत लहान ते सर्वांत मोठं चक्र) अशी जोडी असते. ३४ भागिले २८, गुणिले २.१५, म्हणजे २.६ मीटर. पुढे ४८/३८/२८ आणि मागे ३२ दाती चक्र असलेली हायब्रिड १.९ मीटरवर येते. पुढे ४२/३४/२४ आणि मागे १४-२८ चक्रं असलेली साधी २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) १.७५ मीटरवर. म्हणजे घाट चढायच्या बाबतीत ही स्वस्तातली एमटीबी तिच्या कितीतरी पट किमतीच्या रोड बाइकला मागे टाकते. पुढे २६ आणि मागे ३६ अशी मुद्दाम टूरिंगसाठी बसवलेली जोडी असेल तर १.५५ मीटर.

आता हा आकडा पायांना किती भारी पडतो ते पाहू. स्वार ६५ किलो, सायकल १३, सामान आणि पाणी मिळून १५, एकूण ९३ किलो. आठ टक्क्यांच्या चढावर हे वजन सुमारे ७३ न्यूटन बलाने मागे खेचतं. टायरचं घर्षण धरून ८० म्हणा. सेकंदाला एक फेरा, म्हणजे मिनिटाला ६०, ही दमलेल्या माणसाची चाल. या चालीला वरचा आकडा थेट ८० ने गुणला की लागणारी ताकद वॅटमध्ये मिळते. २.६ मीटरच्या गिअरला २०८ वॅट. १.९ ला १५२. १.५५ ला १२४. नियमित सायकल चालवणारा, पण शर्यतीत न उतरणारा माणूस तासभर १२० ते १५० वॅट काढू शकतो. त्याला २०८ वॅटच्या गिअरवर घाट चढायला लावलं तर तो फेरे मिनिटाला चाळीसवर आणतो, प्रत्येक फेऱ्याला अंग टाकून जोर काढतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघ्याची वाटी दुखायला लागते. मग दोष गुडघ्याला दिला जातो.

सामानासकट घाट चढायचा असेल तर १.९ मीटर ही वरची मर्यादा धरा. सामान १५ किलोच्या पुढे असेल किंवा गुडघे आधीच कुरकुरत असतील तर १.६ पर्यंत उतरा. १.४ च्या खाली जाऊन उपयोग नाही. त्या गिअरला वेग ताशी पाच किलोमीटरवर येतो, सायकल लटपटते, आणि त्यापेक्षा उतरून चाललेलं बरं.

उलट्या टोकाची काळजी करू नका. ४४ किंवा ४६ चं मोठं चक्र आणि मागे ११ हे टूरिंगला पुरून उरतं. ५०-११ चा गिअर उतारावर वापरायचा, आणि उतारावर पायडल मारायचं कारणच नसतं.

गिअर हलके करताना काय बिघडतं

सगळ्यात स्वस्त उपाय मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलणं. ११-२८ काढून ११-३४ टाकली की २.६ मीटरचे २.१५ होतात. पण दुकानदार "बसेल की" म्हणाला म्हणून लगेच घेऊ नका; आधी मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलून ताणून धरणाऱ्या यंत्राची, क्षमता बघा. तिचं गणित असं: पुढच्या मोठ्या आणि लहान चक्रातला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चक्रातला फरक. ५०/३४ ला १६, ११-३४ ला २३, बेरीज ३९. कंपनीने दिलेली क्षमता यापेक्षा कमी असेल तर पुढे-मागे दोन्हीकडे लहान चक्र असताना चेन लोंबते. शिवाय मागचं सर्वांत मोठं चक्र किती दात्यांचं चालेल ही वेगळी मर्यादा असते, तीही तपासा. आखूड पिंजऱ्याचं (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) डिरेलर असेल तर लांब पिंजऱ्याचं घ्यावं लागतं.

इथे जुन्या ८ आणि ९ स्पीडच्या, म्हणजे मागे तेवढी चक्रं असलेल्या, सायकलवाल्यांना एक फायदा आहे. शिमानोच्या ८-९ स्पीडच्या रोड शिफ्टरला (हँडलवरच्या गिअर बदलायच्या दांडीला) ९ स्पीडचं माउंटन डिरेलर नीट चालतं, कारण दोघांत केबल खेचण्याचं प्रमाण एकच आहे. त्यामुळे रोड बाइकच्या हँडलवरून मागची ३४ किंवा ३६ दाती कॅसेट चालवता येते. १० स्पीडपासून माउंटनचं प्रमाण बदललं आणि ही अदलाबदल बंद झाली. नवं म्हणजे चांगलं असं समजून १० स्पीडचं माउंटन डिरेलर ९ च्या शिफ्टरला लावलं तर एकही गिअर जागेवर बसत नाही.

कॅसेट मोठी केली की चेनची लांबी नव्याने मोजायलाच हवी. चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून, डिरेलरमधून न नेता, नुसती गुंडाळा. टोकं जिथे जुळतील त्याच्यापुढे एक आतली आणि एक बाहेरची कडी, म्हणजे एक इंच, जास्त ठेवून तोडा. हे न करता जुनीच चेन ठेवली आणि घाटात गडबडीत मोठ्या-मोठ्यावर गिअर पडला, तर चेन ताठ होऊन डिरेलर पुढे खेचलं जातं आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो. सायकल स्टँडवर उचलून, हाताने पायडल फिरवत, मोठ्या-मोठ्यावर एकदा नेऊन बघितल्याशिवाय रस्त्यावर आणू नका. डिरेलरच्या मागचा लहान स्क्रू फिरवून वरचं चाकोलं मोठ्या चक्रापासून पाच-सहा मिलिमीटरवर आणा. खेटलं तर खरखर येते, फार लांब गेलं तर गिअर सावकाश पडतात.

सात स्पीडच्या सायकलींना बहुधा कॅसेट नसते, धाग्यावर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यातही १४-३४ मिळतं, म्हणजे हलका गिअर स्वस्तात होतो. पण फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचे छर्रे आत राहतात आणि ॲक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. मागे सामान, वर स्वार आणि खाली खड्डे असले की तो ॲक्सल वाकतो किंवा तुटतो. अशा सायकलवर मागे दहा किलोच्या वर लादू नका. जास्त न्यायचं असेल तर गिअरवर खर्च करण्याआधी कॅसेट हबचं, ३२ किंवा ३६ तारांचं मागचं चाक बनवून घ्या. तारा तुटतात त्या बहुतेक मागच्या चाकाच्या, हबजवळच्या वळणावर, आणि कारण बहुधा सैल ताण हेच असतं. नवं चाक घेतल्यावर शंभर किलोमीटर चालवून आउट काढून घ्या आणि तारा पुन्हा ताणून घ्या.

पुढे एकच चक्र असलेल्या सायकली हल्ली बऱ्याच दिसतात. ३८ ला मागे ४२ असेल तर १.९५ मीटर, म्हणजे काठावर. पुढचं ३६ करून घ्या, विषय संपला.

चेन किती झिजली ते पट्टीने कळतं. बारा पूर्ण जोड्या, म्हणजे नव्या चेनवर ३०४.८ मिलिमीटर. तेच अंतर ३०६.३ भरलं की चेन बदला. ३०८ पर्यंत वाट पाहिलीत तर कॅसेटही गेली असं समजा. नवी चेन त्या दात्यांवरून उड्या मारते, आणि नेमकी चढावर उभं राहून जोर दिला की मारते.

कॅरियर, पिशव्या, टायर

कॅरियर फ्रेमच्या चार भोकांना बोल्टने बसणारं घ्या. सीटच्या नळीला आवळायचं कॅरियर आठ-दहा किलोला ठीक आहे, पण वळणावर ते हळूहळू फिरतं आणि पिशवी तारांत जाते. भोकं नसतील तर कोल्हापुरातल्या उद्यमनगरात ॲल्युमिनियमच्या पट्टीचा क्लॅम्प तासाभरात करून मिळतो. आत रबर घालायला सांगा, नाहीतर रंग जाऊन फ्रेमला गंज धरतो. बोल्टला निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. एक बोल्ट सुटला की कॅरियर त्याच कोपऱ्यात तडकतं, हे इतकं नेहमीचं आहे की रोज सकाळी चारही बोल्टांना एलन की लावून बघावी.

पिशवी लावून पायडल मारताना टाच पिशवीला लागते का ते दुकानातच बघा. रेसिंगच्या सायकलीत मागचं चाक जवळ असतं, त्यामुळे मोठ्या पिशव्या तिथे बसतच नाहीत. त्यांना सीटखालची १०-१२ लिटरची लांब पिशवी बरी. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, ट्यूब, कुलूप, फ्रेमच्या त्रिकोणात खाली ठेवा. सीटखालच्या पिशवीत जड वस्तू गेली की ती शेपटासारखी हलते. पावसाळ्यात कुठल्याही पिशवीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला. गगनबावडा हा जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका आहे, तिथला पाऊस शिवणीतून वाट काढतो.

टायर ३२ ते ४० मिलिमीटर, आत पंक्चर रोखणारा पट्टा असलेला. वर धरलेल्या वजनाला ३२ च्या टायरमध्ये मागे ६५-७० पीएसआय, पुढे ५०-५५. बाभळीच्या काट्याचं पंक्चर काढताना टोक टायरमध्येच राहून जातं आणि पाच किलोमीटरवर दुसरं पंक्चर होतं. आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथे अडकेल तिथे चिमट्याने टोक ओढा. प्रेस्टा व्हॉल्व्ह (बारीक, लांब तोंडाचा) असेल तर पितळी अडॅप्टर खिशात असू द्या; मग मोटारसायकलच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

ब्रेकबद्दल एवढंच: घाट उतरताना ब्रेक दाबून धरू नका. वळणाच्या आधी जोरात दाबा, सोडा, गार होऊ द्या. पावसात लाल मातीचा राडा ब्रेक शू आणि पॅड दोन्ही खातो, म्हणून पॅडची जादा जोडी न्यावी.

कुलूप: आधी चोर ठरवा

टूरवर सायकल चोरीला जाण्याचे प्रसंग मोजकेच असतात. चहा-मिसळीला दहा-पंधरा मिनिटं थांबलात. देवळात गेलात, तासभर सायकल नजरेआड. रात्री लॉजवर किंवा कोणाच्या पडवीत ठेवलीत. आणि शहरात, बसस्टँड किंवा स्टेशनबाहेर, तीन-चार तास सोडलीत. पहिल्या प्रसंगात धोका असतो तो "जरा फेरी मारून येतो" म्हणणाऱ्या पोराचा किंवा संधी बघून उचलणाऱ्याचा. त्याच्याकडे हत्यार नसतं. शेवटच्या प्रसंगात हत्यारवाला येऊ शकतो. दोघांना एकच कुलूप लावायला गेलं की एकतर ते निकामी ठरतं, नाहीतर जड म्हणून घरी राहतं.

वजनाची भीती आधी काढून टाका. एकूण ९३ किलोवर एक किलो वाढलं तर तासाभराच्या चढाला चाळीसेक सेकंद जास्त लागतात, एवढाच फरक. म्हणून गरज असेल तिथे एक किलोचं कुलूप न्यायला हरकत नाही. हलक्या कुलपाचं खरं कारण सोय हे आहे: खिशात मावलं तर पाच मिनिटांच्या थांब्यालाही लावलं जातं.

सगळ्यात हलकी म्हणजे आतून स्टीलची पट्टी असलेली, केबल टायसारखी कुलपं. वजन वीसेक ग्रॅम. त्यांची चावी फक्त साधी पिन असते, ती सगळ्यांना सारखीच, आणि चांगल्या पकडीने पट्टी तुटते. दुसरा प्रकार डबीतून ओढून काढायच्या बारीक तारेचा, नंबरचा. सत्तर ते शंभर ग्रॅम. ही दोन्ही नजरेसमोरच्या थांब्यापुरतीच. मग येते गुंडाळी वायर, दीड मीटर, तीनशे ग्रॅम. हिच्यावर लोकांचा भलताच विश्वास असतो, कारण ती जाड दिसते. बारा मिलिमीटरची वायर कापून बघितली तर बरीचशी जाडी प्लास्टिकची असते, आत बारीक तारांचा पीळ. हातात मावणारं केबल कटर ती काही सेकंदांत तोडतं. हेल्मेट, सीट आणि पुढचं चाक अडकवायला वायर चांगली. सायकलचं एकुलतं एक कुलूप म्हणून नको.

यापुढे वजन एकदम वाढतं. ६ मिलिमीटरच्या कडक पोलादाची ८५ सेंटिमीटर साखळी कुलपासह पाऊण ते एक किलो. घडीचं कुलूप साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. ते नीट घडी होतं, पण सांध्याचे रिव्हेट हा त्याचा कच्चा भाग. लहान यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड दांड्याचं कुलूप, एक किलोच्या आसपास, तोडायला सगळ्यात चिवट, पण खांब जाड असला की अडकवायला जागाच मिळत नाही, आणि खेडेगावात तर बारीक खांब शोधावा लागतो. टूरिंगला साखळी जास्त उपयोगी: झाडाला, खिडकीच्या गजाला, दोन सायकलींना मिळून, कशालाही बसते. कॅरियरवर ती खुळखुळते, म्हणून जुन्या ट्यूबमध्ये घालून घ्या. फ्रेमचा रंगही वाचतो.

हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी लोखंडी साखळी मात्र घेऊ नका. ती दिसायला तशीच असते, पण मऊ. ओळखायची युक्ती सोपी आहे: कानस घासून बघा. मऊ लोखंडाला कानस धरते, चकचकीत खाच पडते आणि चुरा निघतो. कडक केलेल्या पोलादावरून ती किणकिणत घसरते, नुसता ओरखडा उठतो. साखळीबरोबर कुलपाच्या दांड्यालाही कानस लावा, कारण चांगली साखळी आणि मऊ दांड्याचं कुलूप अशी जोडी सर्रास विकली जाते. दुकानदार कानस लावू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

पोकळ गोल नळीसारख्या चावीची जुनी कुलपं कोणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणा. अशा प्रकारची नावाजलेल्या कंपनीची कुलपं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात हे २००४ साली जगजाहीर झालं, आणि क्रिप्टोनाइट या कंपनीला ग्राहकांची कुलपं बदलून द्यावी लागली. नंबरच्या स्वस्त कुलपाचा दोष वेगळा: दांडा ताणून धरून चकत्या एकेक फिरवल्या की योग्य आकड्यावर चकती किंचित अडते. त्यातून बरेच जण लावताना एकच चकती फिरवतात. चारही फिरवा. कुलपावर ब्रिटनच्या 'सोल्ड सिक्युअर' या कुलपं तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन असेल तर तेवढा भरवसा धरा. कंपनीने स्वतःच छापलेले 'सुरक्षा पातळी १० पैकी ८' असले आकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांत तुलना करायला निरुपयोगी असतात.

मग घ्यायचं काय? दोघे-तिघे मिळून जात असाल आणि रात्री सायकल खोलीत किंवा आवाराच्या आत राहणार असेल तर प्रत्येकी शंभर ग्रॅमचं तारेचं कुलूप आणि सगळ्यांत मिळून एक साखळी. एकट्याने जाणाऱ्याने साखळी न्यावीच, सोबत बारीक तार. एका दिवसात पन्हाळा किंवा नृसिंहवाडी करून परत यायचं, तर तारेचं पुरे. कोल्हापुरात किंवा रत्नागिरीत तासन् तास रस्त्यावर सोडायची असेल तर यू-लॉक, आणि तरीही सायकल शक्यतो सोडूच नका.

लावायचं कसं

साखळी मागच्या चाकातून, फ्रेमच्या आतून आणि जमिनीत पक्क्या असलेल्या वस्तूभोवती, अशी तिन्हींतून गेली पाहिजे. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक तिथेच राहतं आणि सायकल जाते. ज्या खांबाला बांधाल तो आधी हलवून बघा. गावोगावचे फलक दोन विटांच्या आधाराने उभे असतात, उचलले की निघतात. विजेच्या खांबाला सायकल बांधू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. हापशाला आणि देवळाच्या दारातल्या रेलिंगलाही नको. तिथे लोकांची ये-जा असते आणि मग सायकल बाजूला करायला कोणीतरी जोर लावतंच.

बांधायला काहीच नसेल तर दोन सायकली उलटसुलट तोंडं करून ठेवा आणि साखळी दोघींच्या फ्रेममधून आणि एकेका चाकातून घ्या. अशी जोडी उचलता येते, पण चालवता किंवा ढकलता येत नाही. एकच सायकल असेल तर हेल्मेटचा पट्टा पुढच्या चाकातून घालून बक्कल लावा आणि ब्रेकच्या दांडीला वेल्क्रोची पट्टी आवळून ठेवा. दोन्हीचं वजन नगण्य; उडी मारून बसणारा पहिल्याच फेऱ्याला आपटतो.

चाकाचे क्विक रिलीज (हाताने दांडी उघडून चाक सोडवायचे) काढून एलन कीने आवळायचे स्क्यूअर (हबमधून जाणारी सळई) टाका. वजन उलट कमी होतं आणि प्रत्येक थांब्याला पुढचं चाक बांधायची कटकट संपते. सीटच्या क्लॅम्पलाही तेच करा. थ्रू-ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड ॲक्सल) असेल तर दांडीवाला काढून एलन कीवाला मिळतो का बघा.

चावीचं भोक खाली तोंड करून ठेवा, पाणी आत जात नाही. कोकणात चार दिवस राहिलं की खाऱ्या हवेने कुलूप जाम होतं. निघण्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, आल्यावर पुन्हा दोन. दुसरी चावी सोबत्याकडे द्या, नाहीतर सीटच्या नळीत टोपणाला चिकटवून ठेवा. आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा दांडा फिरतो त्या नळीच्या) खाली कोरलेला फ्रेम नंबर, सायकलचा फोटो आणि बिल फोनमध्ये असू द्या. पोलिसांत तक्रार देताना "निळी सायकल, गिअरची" एवढ्यावर काही शोधता येत नाही.

रात्रीचं सांगायचं तर खोलीचा दरवाजा हे बिनवजनाचं कुलूप. लॉजवर पैसे देण्याआधी विचारा, "दादा, सायकल खोलीत घेतली तर चालेल का?" बहुतेक जण चिखलाला नाही म्हणतात, सायकलला नाही. एक फडकं जवळ ठेवा, त्यांच्यासमोर टायर आणि चेन पुसा, पायरीवरून उचलून आत न्या. खोली नसेल तर जिन्याखाली, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, साखळीने गजाला. पिशव्या काढून सोबत घ्या. सायकलपेक्षा सैल लटकलेली पिशवी आधी जाते.

हत्यारं आणि निघण्याआधीची फेरी

दोन ट्यूब, पंक्चरचं किट, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, एलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या स्पीडचीच दोन क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायच्या सुट्या कड्या (९ ची ११ ला चालत नाही), मागची गिअर केबल एक, तारा दोन, बोल्ट चार, केबल टाय सहा. आणि मागच्या डिरेलरचा जादा हँगर. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, कणकवलीतच काय, मोठ्या शहरातही ऐनवेळी मिळत नाही, वजन मात्र पंधरा-वीस ग्रॅम. एसटीच्या टपावर किंवा रेल्वेच्या लगेजमध्ये सायकल घातलीत तर उतरल्यावर आधी मागून डोळा लावून हँगर सरळ आहे का बघा. वाकलेला असताना सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर तारांत जातं, आणि मग मोडलेल्या वस्तूंची यादी लांबते. सायकल आडवी ठेवायचीच असेल तर गिअरची बाजू वर.

गाळपाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या ट्रॉल्या रात्री दिव्याविना उभ्या असतात आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस लोंबत असतो. पुढे-मागे दिवे न्याच, पण अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा हा बेत ठेवा.

सगळं बांधून झालं की पूर्ण सामान, भरलेल्या बाटल्या आणि कुलपासकट एक फेरी मारा: वाघबीळवरून पन्हाळा, किंवा केर्लीवरून जोतिबा. नुसती रिकामी सायकल घेऊन गेलात तर काही कळणार नाही. चढ अर्धा झाल्यावर बघा, सगळ्यात हलका गिअर पडून पायांचे फेरे मिनिटाला ६० राहतायत का. पन्नासच्या खाली जात असतील तर सामान कमी करत बसण्याआधी कॅसेट बदला. वर पोचल्यावर चारही बोल्ट हाताने तपासा, सायकल एखाद्या ठिकाणी खरोखर बांधून बघा, आणि साखळी पुरते का, चावी कुठल्या कप्प्यात सापडते, बांधायला किती वेळ जातो ते पाहा. अर्ध्या मिनिटाच्या वर लागत असेल तर तिची जागा बदला, फ्रेमवर हाताशी येईल अशी बांधा. उतरताना एखाद्या सपाट जागी थांबून रिमला किंवा डिस्कच्या आसपास हात नेऊन बघा, स्पर्श करू नका. धग लांबूनच लागत असेल तर ब्रेक धरून ठेवायची सवय अजून गेलेली नाही, आणि करूळ याहून बराच लांब आहे.